पंचनाम्यावरचे पंच

ऑगस्ट २००६ चा पहिला आठवडा. श्रीलंकेच्या त्रिंकोमाली जिल्ह्यात माविलारू नावाचा एक पाट आहे. त्याचे दरवाजे लिट्टे या स्वतंत्र तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या बंडखोर संघटनेने जुलैत बंद केले होते आणि खालच्या अंगाच्या हजारो शेतकऱ्यांचे पाणी तुटले होते. बोलणी झाली, लिट्टेचा स्थानिक म्होरक्या दरवाजे उघडायला राजी झाला. त्याच्यासोबत निघाले स्वीडनचे निवृत्त मेजर जनरल उल्फ हेन्रिक्सन. श्रीलंका मॉनिटरिंग मिशन, म्हणजे शस्त्रसंधीवर लक्ष ठेवणारी परदेशी निरीक्षकांची जी तुकडी होती, तिचे ते प्रमुख. दरवाज्यापर्यंत पोचायच्या आत सरकारी तोफा सुरू झाल्या. लिट्टेने तडजोड देऊ केली आहे हे सरकारला माहीत आहे, तेव्हा त्यांना पाण्यात रस नाही, दुसऱ्याच कशात आहे, अशा आशयाचे बोलून हेन्रिक्सन मागे फिरले.

त्या दिवशी श्रीलंकेत कागदोपत्री शस्त्रसंधी लागू होती. तेव्हाचे पंतप्रधान रनिल विक्रमसिंघे आणि लिट्टेचा सर्वेसर्वा वेलुपिल्लै प्रभाकरन यांच्या सह्यांचा तो करार २२ फेब्रुवारी २००२ चा. त्याच्या तिसऱ्या कलमात असे म्हटले होते की, मिशनचा प्रमुख नॉर्वे सरकार नेमील आणि कराराचा अर्थ लावण्याच्या बाबतीत त्याचा शब्द अंतिम राहील. शब्द अंतिम! तोफखान्याच्या अधिकाऱ्याने मात्र हे कलम वाचलेले नसावे. किंवा वाचले असावे आणि त्याला त्यातली मेख नेमकी कळली असावी.

मेख अशी की, मराठीत ‘पंच’ हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या माणसांसाठी वापरतो. एक पंच निवाडा देतो. तो ‘बाद’ म्हणाला की खेळाडूला मैदान सोडावे लागते. दुसरा पंच पंचनाम्यावर सही करतो. त्याने फक्त पाहायचे असते : प्रेत कुठे पडले होते, दार आतून बंद होते की बाहेरून, भिंतीला भोक केवढे होते. शिक्षा सुनावणे हे त्याचे कामच नव्हे. गृहयुद्धातल्या शस्त्रसंधीवर देखरेख ठेवायला जे परदेशी निरीक्षक जातात ते दुसऱ्या प्रकारचे पंच असतात. त्यांना पाठवताना मात्र जग त्यांच्याकडून पहिल्या प्रकारच्या पंचाचे काम अपेक्षिते. ते जमले नाही की ‘मिशन अपयशी’ असा शिक्का बसतो आणि त्यांना परत बोलावले जाते. निवाडा देता आला नाही म्हणून साक्षीदारही काढून घेतला, असा हा व्यवहार. माझी तक्रार या दुसऱ्या पायरीबद्दल आहे. निरीक्षक दुबळे असतात यात आश्चर्य नाही, ते तसेच असणार. पण हिंसा वाढली म्हणून त्यांना माघारी नेण्याची जी रीत पडून गेली आहे, ती चुकीची आहे आणि टाळता येण्याजोगी आहे.

आधी त्यांच्या पदरात काय घालायचे ते घालू. २००२ ते २००५ या काळात श्रीलंकेत युद्धात मरणाऱ्यांची संख्या आधीच्या वर्षांच्या मानाने नगण्य झाली. जाफन्याकडे जाणारा ए-९ रस्ता बरीच वर्षे बंद होता, तो उघडला. लोक अनेक वर्षांनी आपल्या माणसांना भेटले. हे श्रेय अर्थातच मुख्यतः करार करणाऱ्यांचे. पण करार टिकवण्याचे रोजचे चिवट काम ज्यांनी केले ते साठेक निरीक्षक नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, डेन्मार्क आणि आइसलँड या पाच देशांतून आले होते आणि त्यांच्याकडे शस्त्रे नव्हती. जाफना, मन्नार, वावुनिया, त्रिंकोमाली, बट्टिकलोआ, अंपारा अशा सहा ठिकाणी स्थानिक समित्या होत्या. प्रत्येकीत सरकारने नेमलेले दोन, लिट्टेने नेमलेले दोन आणि अध्यक्षस्थानी एक परदेशी निरीक्षक. सैन्य ज्या शाळेत नि देवळात उतरले आहे ती इमारत कधी रिकामी होणार, मासेमारीला कुठवर जाता येईल, काल नाक्यावर कोणाला अडवले, अशा गोष्टींना वर्तमानपत्रात जागा मिळत नाही. पण शस्त्रसंधी मोडते ती बहुधा अशाच एखाद्या नाक्यावरून. दोन्ही बाजूंचा माणूस एका टेबलाशी बसून ‘तो पोरगा आमच्याकडे आहे, उद्या सोडतो’ म्हणू शकतो, हीच या यंत्रणेची खरी ताकद होती.

मिशनची ओळख मात्र या कामाने झाली नाही. ती झाली आकड्यांनी. करारभंगाच्या तक्रारी यायच्या, निरीक्षक चौकशी करायचे आणि तक्रार खरी की खोटी ते ठरवायचे. २००७ पर्यंत लिट्टेच्या नावावर तीन हजारांहून जास्त भंग जमा झाले आणि सरकारच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास. हे आकडे वर्षानुवर्षे भाषणांत फेकले गेले. पण या आकड्यांत काय होते? करारातल्या कलम २.१ मध्ये नागरिकांविरुद्धची सगळी वैरकृत्ये एकत्र बांधलेली : छळ, धमकी, अपहरण, खंडणी, सतावणूक. लिट्टेच्या खात्यावरचा मोठा हिस्सा होता लहान मुलांना पळवून बंदूक हाती देण्याचा. तेरा वर्षांच्या मुलीला घरातून उचलून नेले की एक भंग, आणि कुणाला नाक्यावर विनाकारण सतावले की तोही एकच भंग. हिशेबाच्या वहीत दोन्ही नोंदी एका ओळीच्या. बेरीज केली की माणूस नाहीसा होतो, उरतो तो धावफलक. आणि धावफलक दिसला की जो तो आपल्या बाजूचे वाचतो. कोलंबोतला कट्टर सिंहली गट म्हणे, पाहा, दहापट गुन्हे त्यांचे. लिट्टेचा युक्तिवाद असे की, सरकार स्वतः करार मोडत नाही, इतरांकरवी मोडून घेते.

हा दुसरा युक्तिवाद सोयीचा होता, पण निव्वळ खोटा नव्हता. करारात एक कलम होते : तमिळ निमलष्करी गटांना सरकारने तीस दिवसांत निःशस्त्र करायचे. ते नीट झाले नाही. पुढे मार्च २००४ मध्ये लिट्टेचा पूर्वेकडचा सेनानी करुणा फुटून बाहेर पडला आणि युद्धाला तिसरे टोक फुटले. रात्री कुणी कुणाला गोळी घातली याचा पत्ता लागेना. करारावर सह्या दोघांच्या आणि मारणारे तीन-चार. निरीक्षकाच्या नोंदवहीत रकाने दोनच. ज्याला रकाना नाही त्याने मारलेला माणूस कुठे लिहायचा? ऑगस्ट २००५ मध्ये परराष्ट्रमंत्री लक्ष्मण कदिरगामर यांची कोलंबोत त्यांच्या घरी हत्या झाली तेव्हा बोट लिट्टेकडे गेले आणि लिट्टेने हात झटकले. एवढी मोठी घटना! तिच्यापुढे नोंदवहीचे ते दोन रकाने फारच केविलवाणे दिसतात.

समुद्राची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. जमिनीवर कोणाची हद्द कुठे हे करारात ढोबळ का होईना पण ठरले होते. समुद्राबद्दल तसे काही ठरले नव्हते. लिट्टेकडे स्वतःचे ‘सी टायगर्स’ आरमार होते. सरकारच्या दृष्टीने समुद्रावर नौदल सोडून कुणाचा हक्कच नव्हता. सह्या अडू नयेत म्हणून हा प्रश्न मोकळा ठेवला आणि तो जाऊन पडला निरीक्षकांच्या अंगावर. फेब्रुवारी २००३ मध्ये डेल्फ्ट बेटाजवळ लिट्टेच्या एका बोटीची झडती चालू होती. दडवलेली शस्त्रे सापडली तेव्हा बोटीवरच्या तिघांनी बोटीसकट स्वतःला उडवून दिले; निरीक्षक पाण्यात उड्या टाकून वाचले. त्याच वर्षी मिशनचे तेव्हाचे प्रमुख त्र्यग्वे तेलेफ्सेन यांनी सुचवले की, सी टायगर्स आहेत हे वास्तव मान्य करून त्यांच्या हालचालींना नियम घालावेत. सिंहली दक्षिणेत गदारोळ उठला. वर्ष संपायच्या आत राष्ट्राध्यक्ष चंद्रिका कुमारतुंगा यांनी तेलेफ्सेन यांना हटवण्याची मागणी नॉर्वेकडे केली. त्यांच्यावरचा आरोप वेगळा होता, लिट्टेला आगाऊ सूचना मिळाल्याचा. पण समुद्राने त्यांची पत आधीच खाल्ली होती. पुढे ११ मे २००६ रोजी सातशेहून अधिक सैनिकांना नेणाऱ्या ‘पर्ल क्रूझ’ जहाजाच्या ताफ्यावर सी टायगर्सनी हल्ला केला. जहाजावर मिशनचा निरीक्षक होता. मिशनने त्या दिवशी जाहीर केले की, बिगरसरकारी गटाला समुद्रावर काहीही हक्क नाही. म्हणजे एकाच मिशनने तीन वर्षांत दोन टोकांच्या भूमिका घेतल्या. त्याबद्दल मिशनला दोष देणारे पुष्कळ आहेत. मला तो वाटाघाटी करणाऱ्यांचा दोष वाटतो. जे टेबलावर ठरवायची छाती झाली नाही ते बोटीवरच्या बिनशस्त्र माणसाने ठरवावे, ही अपेक्षा म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी.

त्यातच नॉर्वे मध्यस्थही होता आणि निरीक्षकांचा मालकही. मध्यस्थाला दोन्ही बाजू खूश राहायला हव्या असतात. साक्षीदाराने खूश-नाखुशीचा विचार केला की साक्ष बिघडते. मिशन कडक बोलले की नॉर्वेची बोलणी अडणार, नॉर्वे गोड बोलला की मिशन पक्षपाती ठरणार. कोलंबोच्या रस्त्यावर नॉर्वेचे झेंडे जाळले गेले त्यामागे बराचसा राजकीय कांगावा होता. तरी ही दुहेरी भूमिका मुळातच अवघड होती, हे कबूल केले पाहिजे.

आता आचेकडे बघू. इंडोनेशियाच्या या प्रांतात थोड्या वर्षांच्या अंतराने दोन वेळा शस्त्रसंधी झाली आणि दोन वेळा परदेशी निरीक्षक गेले, त्यामुळे तुलना करायला याहून चांगले उदाहरण मिळायचे नाही. पहिला करार डिसेंबर २००२ चा. संयुक्त सुरक्षा समिती नेमली, सरकारचे पन्नास, बंडखोर ‘गाम’चे पन्नास आणि परदेशी पन्नास अशी रचना, प्रमुख थायलंडचे सेनाधिकारी. कागदावर सुंदर. पण गामला हवे होते स्वातंत्र्य आणि जकार्ताला हवी होती शरणागती. दोघांनी आपापली गोष्ट मनात ठेवून सही केली होती. मार्च २००३ मध्ये समितीच्या ताकेंगोन गावातल्या कार्यालयावर जमाव चालून गेला. एप्रिलमध्ये निरीक्षकांची पथके जिल्ह्याजिल्ह्यांतून प्रांताच्या राजधानीत, बंडा आचेला मागे आली. १९ मे रोजी मार्शल लॉ लागू झाला आणि मोठी लष्करी मोहीम सुरू झाली. क्रम लक्षात घ्या. आधी जमाव, मग निरीक्षकांची माघार, मग सैन्य.

दुसरा करार १५ ऑगस्ट २००५ चा, हेलसिंकीत, फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी आहतिसारी यांच्या मध्यस्थीने. मधल्या काळात त्सुनामी येऊन गेली होती, पण सगळे श्रेय लाटेला देणे बरोबर नाही, कारण त्याच लाटेने श्रीलंकेचा किनाराही उद्ध्वस्त केला आणि तिथे काही जुळले नाही. आचेत फरक पडला तो गामने स्वातंत्र्याची मागणी सोडल्यामुळे आणि जकार्ताने स्थानिक पक्षांना निवडणूक लढवू देण्याचे मान्य केल्यामुळे. राजकीय गाठ सुटली होती. मग युरोपियन युनियन आणि आसियान या आग्नेय आशियाई संघटनेच्या पाच देशांच्या निरीक्षकांना जे काम मिळाले ते मोजता येण्यासारखे होते : गामने ८४० शस्त्रे आणून द्यायची, त्याच टप्प्यांनी जादा सैन्य प्रांत सोडून जायचे. सप्टेंबर ते डिसेंबर चार टप्पे. शस्त्र कापण्याच्या यंत्रावर गेले की मोजा, जहाज सुटले की मोजा. मिशनचे प्रमुख पीटर फेइथ यांना वाद पडल्यास बंधनकारक निर्णय देण्याचा अधिकार होता, आणि तो चालला. कारण निर्णय मोडणाऱ्याला गमवायला काहीतरी होते. डिसेंबर २००६ मध्ये मिशन काम आटोपून परतले.

यावरून ‘राजकीय तोडगा असेल तरच निरीक्षक पाठवा’ असा निष्कर्ष काढणारे अनेक आहेत. त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. निवाडा देणारा पंच तोडग्यानंतरच चालतो, हे आचेने दाखवले. पण तोडगा नसतानाच माणसे मरतात, आणि पंचनामा करणाऱ्याची गरज तेव्हाच सर्वात जास्त असते. आग विझल्यावर बंब पाठवायचा असा नियम कोणी करत नाही.

सुदानच्या नुबा पर्वतात जे झाले ते या बाबतीत मला जास्त शिकवणारे वाटते, आणि त्याच्याबद्दल फार कमी बोलले जाते. जानेवारी २००२ मध्ये स्वित्झर्लंडच्या ब्युर्गनश्टॉकला खार्तूम सरकार आणि एसपीएलए या बंडखोर सेनेत त्या एका भागापुरता करार झाला. देशव्यापी शांतता करार व्हायला अजून तीन वर्षे होती; म्हणजे तोडगा नव्हताच. नॉर्वेचे यान एरिक विल्हेल्मसेन यांच्या हाताखाली छोटे, बिनशस्त्र मिशन उभे राहिले. त्याची युक्ती अगदी साधी. तक्रार आली की पथक जायचे, आणि पथकात सरकारचा एक अधिकारी, एसपीएलएचा एक अधिकारी आणि एक परदेशी. तिघे एका गाडीत बसायचे, एकाच झाडाखाली जेवायचे, एकाच जागेची पाहणी करायचे. अहवालावर आरोपीच्याच बाजूच्या अधिकाऱ्याची सही असली की मग ‘परदेशी लोक पक्षपाती आहेत’ हे रडगाणे गाता येत नाही. शिवाय जो अधिकारी काल शत्रूच्या अधिकाऱ्यासोबत दिवसभर खड्डे मोजत फिरला, तो आपल्याच तुकडीला ‘हे करू नका, उद्या मलाच सही करावी लागेल’ असे सांगतो. ती व्यवस्था २००५ पर्यंत टिकली. कोलंबियातही पुढे सरकार, फार्क आणि संयुक्त राष्ट्रे अशी तिपेडी देखरेख झाली. नववर्षाच्या रात्री संयुक्त राष्ट्रांचे काही निरीक्षक फार्कच्या बंडखोरांसोबत नाचताना चित्रित झाले आणि त्यांना घरी पाठवण्यात आले, हा त्यातला एक विनोदी प्रसंग. मला विचाराल तर एवढ्या रागाची गरज नव्हती. नाचणाऱ्या निरीक्षकापेक्षा घाबरून बराकीत बसलेला निरीक्षक जास्त नुकसान करतो.

बराकीत बसणे म्हटले की सीरिया आठवतोच. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या सहा कलमी योजनेनुसार १२ एप्रिल २०१२ रोजी शस्त्रसंधी सुरू झाली. सुरक्षा परिषदेच्या ठराव २०४३ ने नव्वद दिवसांसाठी तीनशेपर्यंत बिनशस्त्र लष्करी निरीक्षक मंजूर केले, प्रमुख नॉर्वेचे मेजर जनरल रॉबर्ट मूड. तीनशे माणसे, देश सीरियाएवढा, आणि तोफा काही दिवसांतच पुन्हा सुरू झालेल्या. २५ मे रोजी हौला इथे हत्याकांड झाले. निरीक्षक तिथे पोचले, मृतदेह मोजले, तोफगोळ्यांच्या खुणा पाहिल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीत १०८ बळी ठरले, त्यात ४९ मुले. सरकार म्हणत होते, दहशतवाद्यांनी केले. पण त्या पाहणीमुळेच दोन दिवसांत सुरक्षा परिषदेला, म्हणजे रशिया आणि चीनलाही, निषेधाच्या निवेदनावर एकमत करावे लागले, आणि त्या निवेदनात सरकारच्या तोफा-रणगाड्यांच्या माऱ्याचा उल्लेख होता. एका पंचनाम्याने एवढे केले. याहून जास्त त्याने करावे ही अपेक्षा कोणाची आणि का?

पुढे मात्र ठरलेलीच कथा. १६ जूनला मूड यांनी धोका वाढला म्हणून गस्ती थांबवल्या. २० जुलैला ठराव २०५९ ने शेवटची तीस दिवसांची मुदत दिली, आणि त्यानंतरच्या मुदतवाढीला अट अशी घातली : जड शस्त्रांचा वापर थांबला पाहिजे आणि हिंसा पुरेशी कमी झाली पाहिजे. ही अट पुन्हा वाचा. गोळीबार कमी झाला तर पाहायला माणूस राहील, वाढला तर जाईल. अन्नान यांनी २ ऑगस्टला पद सोडत असल्याचे जाहीर केले, १९ ऑगस्टच्या मध्यरात्री मिशन संपले. ज्याला कुणी बघू नये असे वाटते त्याच्यासाठी याहून सोपा करार असू शकत नाही. त्याने फक्त गोळीबार वाढवायचा.

श्रीलंकेत हेच दोनदा झाले. पहिल्यांदा जाणूनबुजून नाही. मे २००६ मध्ये युरोपियन युनियनने लिट्टेला दहशतवादी संघटनांच्या यादीत घातले. लिट्टेची कृत्ये पाहता त्या यादीत त्यांचे नाव बसते याबद्दल माझा वाद नाही. पण यादीचा निर्णय ब्रसेल्समध्ये झाला आणि किंमत वसूल झाली वन्नीत, म्हणजे उत्तर श्रीलंकेतल्या लिट्टेच्या ताब्यातल्या मुलखात. युनियनच्या सदस्य देशांचे निरीक्षक आता तटस्थ नाहीत, त्यांनी जावे, असे लिट्टेने बजावले. सप्टेंबर उजाडेपर्यंत स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंडची माणसे निघून गेली. नॉर्वे आणि आइसलँडची वीसेक उरली. युद्ध पुन्हा पेटत असतानाच पाहणाऱ्यांची संख्या एक तृतीयांशावर आली.

त्याच ऑगस्टमध्ये, ४ तारखेला, मुत्तूर गावात एका फ्रेंच मदतसंस्थेच्या सतरा स्थानिक कर्मचाऱ्यांना त्यांच्या कार्यालयाच्या आवारात गोळ्या घालून मारले. मिशनच्या माणसांना सुरुवातीला त्या जागी जाऊही दिले नाही. महिनाअखेर मिशनने निष्कर्ष जाहीर केला की, यामागे सरकारी सुरक्षा दले आहेत. सरकारने तो फेटाळला. निष्कर्षावर नाव होते हेन्रिक्सन यांचे. ते स्वीडिश, म्हणजे जाणाऱ्यांपैकी. पद सोडताना केलेला तो त्यांचा शेवटचा मोठा पंचनामा. तो पचवण्याची, पाठपुरावा करण्याची ताकद मागे उरलेल्या वीस माणसांत नव्हती.

दुसऱ्यांदा मात्र सगळे नियमाने झाले. करारात तरतूद होती की, कोणत्याही पक्षाने चौदा दिवसांची पूर्वसूचना नॉर्वेला द्यावी आणि बाहेर पडावे. श्रीलंका सरकारने २ जानेवारी २००८ ला सूचना दिली, १६ जानेवारीला करार संपला. मिशनचे अस्तित्व त्याच कराराच्या तिसऱ्या कलमावर टेकलेले होते, त्यामुळे त्याच दिवशी तेही संपले. कुणी हाकलले नाही, कुणावर हल्ला झाला नाही. कागदाची मुदत संपली, माणसे सामान बांधून विमानतळावर गेली.

माझा मुद्दा या गाठीपाशी आहे. शस्त्रसंधीचे आयुष्य आणि साक्षीदाराचे आयुष्य एकाच दोरीने का बांधायचे? करार मोडण्याचा हक्क पक्षांना असतोच, तो काढून घेता येत नाही. पण करार मोडल्यानंतरही अमुक महिने निरीक्षक देशात राहतील, त्यांच्या फिरण्यावर बंधने आली तरी त्यांची नोंद चालू राहील आणि ती ठरावीक दिवशी प्रसिद्ध होईल, एवढे कलम सहीच्या दिवशीच घालता येते. सही करताना दोन्ही पक्ष शांततेच्या गप्पा मारत असतात. ‘मोडल्यास काय’ हे तेव्हाच विचारायचे. लग्नात घटस्फोटाचे बोलू नये म्हणतात, पण बंदुका घेऊन मांडवात आलेल्यांना ते लागू नाही.

यावरचा पहिला आक्षेप सार्वभौमत्वाचा. सरकारची संमती नसेल तर परदेशी माणूस राहणार कसा? बरोबर आहे, बळजबरीने राहू शकत नाही. पण आधी दिलेली संमती मागे घ्यायला किंमत पडते. निवांत चौदा दिवसांच्या नोटिशीने जे आपोआप घडले, ते सरकारला उघडपणे, जगाच्या डोळ्यांदेखत ‘निघा’ म्हणून करावे लागले असते. तेवढ्यानेही फरक पडतो. दुसरा आक्षेप असा की, निरीक्षक आले की बंडखोर सरकारच्या बरोबरीला येऊन बसतात, त्यांना मान्यता मिळते. मिळते, यात खोटे काही नाही. लिट्टेने ती सहा वर्षे मिरवली आणि त्याच काळात मुले पळवली. पण मान्यता करारावरच्या सहीने मिळते, मोजणाऱ्याने नाही. उलट मुले पळवल्याचा अधिकृत हिशेब जगापुढे आला तो याच मोजणाऱ्यांमुळे.

तिसरा आक्षेप खरा जड आहे : बिनशस्त्र माणसांना मरायला ठेवायचे का? मूड यांनी गस्ती थांबवल्या तेव्हा त्यांच्यासमोर आपल्या माणसांचे जीव होते, आणि त्यांच्या जागी बसून निर्णय घेण्याची हिंमत मी करणार नाही. पण साक्षीदार म्हणजे पांढऱ्या गाडीतला निळ्या टोपीचा माणूसच, असे कुठे आहे? दवाखान्यातले डॉक्टर, धर्मगुरू, मदतसंस्थांचे स्थानिक कर्मचारी, उपग्रहाची चित्रे, फोनवरून दोन-तीन ठिकाणांहून पडताळलेली बातमी, यांतूनही पंचनामा होतो. परदेशी माणूस राजधानीत बसून तो लिहू शकतो. अट एकच, लिहिलेले बाहेर आले पाहिजे.

श्रीलंकेत ते जमवूनही दाखवले होते. सप्टेंबर २००८ मध्ये सरकारने सुरक्षिततेची हमी देता येत नाही म्हटल्यावर संयुक्त राष्ट्रांचे कर्मचारी लिट्टेच्या राजधानीतून, किलिनोच्चीतून निघाले. जाऊ नका म्हणत तमिळ लोक त्यांच्या फाटकाशी जमले होते. पुढचे महिने वन्नीत लाखो लोक सैन्य आणि लिट्टे यांच्यामध्ये चिरडत, मुल्लिवायक्कालच्या चिंचोळ्या किनाऱ्याकडे ढकलले गेले. सैन्य ‘गोळीबारमुक्त’ म्हणून जाहीर केलेल्या पट्ट्यांवर मारा करत होते आणि लिट्टे पळू पाहणाऱ्यांवर गोळ्या झाडत होते. आत राहिलेल्या स्थानिक माणसांच्या मदतीने कोलंबोतल्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयात एक छोटा गट रोज बळी मोजत होता, एका खबरीला दुसरीने पडताळून. ऑगस्ट २००८ ते १३ मे २००९ पर्यंतचा त्यांचा आकडा होता ७,७२१ मृत आणि १८,४७९ जखमी. तो कमीत कमी होता. संयुक्त राष्ट्रांच्याच तज्ज्ञांच्या समितीने २०११ मध्ये लिहिले की, शेवटच्या टप्प्यात चाळीस हजारांपर्यंत नागरिक मेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. पण एवढी मेहनत घेऊन केलेला तो पंचनामा युद्ध चालू असताना अधिकृतपणे प्रसिद्ध झाला नाही. आकडे पुरेसे पडताळलेले नाहीत, असे कारण देण्यात आले. संयुक्त राष्ट्रांच्या अंतर्गत चौकशीने २०१२ मध्ये यालाच संस्थेचे अपयश म्हटले. तोवर लिट्टे संपली होती, छावण्या बांधून मोडल्याही होत्या, आणि १३ मे नंतरच्या पाच-सहा दिवसांची, म्हणजे सगळ्यात वाईट दिवसांची, मोजणी त्या यादीतही नव्हती.